शोभाताईंच्या पत्रिका आणि दुसरी डिस्क

स्क्रीनवर दोन ओळी होत्या. ‘प्रायमरी मास्टर – नन.’ ‘प्रायमरी स्लेव्ह – नन.’ काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आणि खाली लुकलुकणारी एक रेघ. बाकी काही नाही.

नन म्हणजे नाही. कॉम्प्युटर मला सांगत होता की बाबा रे, माझ्या पोटात एकही हार्ड डिस्क नाही. अर्ध्या तासापूर्वी एक होती आणि ती व्यवस्थित चालत होती. मी तिच्या जोडीला दुसरी बसवली, आणि आता त्याला दोन्ही दिसत नव्हत्या.

“काय म्हनतो तो?” शोभाताईंनी विचारलं.

“थांबा, बघतो,” मी म्हणालो.

आमच्या धंद्यात ‘थांबा, बघतो’ याचा अर्थ ‘मला काहीही कळत नाहीये’ असा असतो. गिऱ्हाइकाला तो ठाऊक नसतो, एवढंच बरं.

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. शहापुरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. मुरबाडकडची कामं आली की मी मोटरसायकलवर टूलकिट बांधून सापगाव, किन्हवली करत जायचो. दिवाळी होऊन गेली होती आणि तुळशीच्या लग्नाला दोन दिवस होते. रस्त्याच्या कडेला जागोजाग भाताची झोडणी चाललेली, त्यामुळे मुरबाडला पोचेपर्यंत नाकातोंडात भाताची कुसं गेलेली असायची.

शोभाताईंचं मुरबाडमध्ये डीटीपीचं दुकान होतं. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छपाईला तयार करून देणं. बोर्ड लावला होता ‘सर्व प्रकारची कामे’, पण खरं काम एकच, लग्नपत्रिका. आणि आमच्या भागातली पत्रिका म्हणजे नवरा-नवरीचं नाव, तारीख, स्थळ आणि संपलं, असं नसतं. खाली नावं असतात. आशीर्वाद देणारे, निमंत्रक, आपले नम्र, व्यवस्थापक आणि शेवटी पोराबाळांची किलबिल. शंभर-सव्वाशे नावं सहज होतात. कुणाचं नाव कुणाच्या वर, कुणाच्या मागं ‘कै.’ लागलं, कोण आता माजी सरपंच झाला, हे सगळं बसून ठरवावं लागतं. चूक झाली तर माणूस लग्नाला येत नाही. आला तर जेवत नाही.

त्यामुळे शोभाताईंकडे कुणी नवी पत्रिका करत नसे. गिऱ्हाईक येऊन सांगायचं, “थोरल्याच्या लग्नाची काढ गो, तीच घे, नवरा बदल.” ताई जुनी फाइल उघडायच्या. सहा वर्षांत त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये आजूबाजूच्या गावांतल्या किती घरांची भावकी लावून ठेवलेली होती, कोण जाणे. भांडून, रुसून, समजूत काढून एकदा ठरलेला क्रम. छापलेला एकेक नमुना त्यांनी फायलीत लावला होता, पण त्यानंतरच्या दुरुस्त्या सगळ्या मशीनमध्येच होत्या.

त्यांचं मशीन म्हणजे मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला स्लिम डेस्कटॉप. पोळपाटापेक्षा थोडा मोठा, चपटा डबा, त्यावर मॉनिटर ठेवायचा. दिसायला सुबक. दुरुस्त करणाऱ्याला मात्र असल्या डब्याचा राग येतो, कारण आत बोट घालायला जागा नसते. हार्ड डिस्कसाठी खण एकच. त्या खणातली डिस्क दहा जीबीची आणि काठोकाठ भरलेली. लोक आता पत्रिकेवर गणपतीचा रंगीत फोटो मागायला लागले होते आणि एकेक फोटो दहा पत्रिकांची जागा खात होता.

“जुनी काढू नका. तिला हात नाय लावायचा,” ताईंनी फोनवरच बजावलं होतं. “दुसरी लावून द्या तिच्या बाजूला. नवी डिस्क दीर कल्यानहून घेऊन आलेत दिवाळीच्या आधी.”

मला हा बेत पसंत होता. दुसरी डिस्क बसवायची, जुन्या फायलींची एक प्रत तिच्यावर टाकायची, म्हणजे जागाही झाली आणि बॅकअपही झाला. बॅकअप म्हणजे जपून ठेवलेली दुसरी प्रत. ती आधी कुठंतरी काढून मगच डब्याला हात लावावा, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. त्या दिवशी मी स्वतःच्या मशीनवर प्रत काढायची म्हटलं तर डिस्क काढून शहापूरला न्यावी लागली असती. कंटाळा केला. दोन तासांचं काम, म्हटलं.

दुकानात बाळारामकाका आधीच येऊन बसले होते. मुरबाडजवळच्याच गावातले शेतकरी, साठीचे, डोक्यावर टोपी, हातात विडी, पण ताईंच्या धाकानं न पेटवलेली. त्यांच्या मधल्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्ताचं होतं. तीन संध्याकाळी भावकी बसवून त्यांनी नावं ठरवली होती आणि ताईंना तोंडी सांगून थेट टाइप करून घेतली होती. पत्रिका त्याच दिवशी प्रिंट काढून छापखान्यात जायची होती.

“एकच जागा राह्यलीय,” काका मला सांगू लागले. जणू मी भावकीतलाच. “आमचे दोन चुलतभाऊ हायेत. बांधावरनं बोलत नाय एकमेकांशी. वयानं लागोपाठ, म्हून नावं एकाखाली एक येतात. तर दोगंही म्हनतात, त्याच्या नावाला आमचं नाव लागता कामा नये.”

“मग मध्ये कुणाचंतरी घाला,” मी डब्याचे स्क्रू काढत म्हणालो.

“कुनाचं घालू? धाकट्याचं घातलं तर खालचा म्हनतो, हा माज्या वर कसा? तुमी तुमचं काम करा.”

मला कुणी टोकलेलं आवडत नाही. मी डबा उघडला.

पहिला प्रश्न जागेचा. दुसरी डिस्क ठेवायची कुठं? सोपा उपाय म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी डिस्क बसवायची. पण ताईंची कामं छापखान्यात फ्लॉपीवरूनच जात होती, त्यामुळे ते शक्य नव्हतं. फ्लॉपीच्या खाली दोन बोटं मोकळी जागा होती. समोरच ग्रिल बनवणाऱ्याचं दुकान होतं. त्याच्याकडून ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या, भोकं पाडली आणि डिस्क फ्लॉपीच्या खाली लटकवायची असं ठरवलं. हे काम मला छान जमलं. इतकं छान की मी दोन वेळा ताईंना दाखवलं.

नवी डिस्क ताईंनी देवघरातून आणून दिली. चंदेरी पाकिटात होती, पण पाकीट फोडलेलं. डिस्कच्या कोपऱ्याला पिवळसर डाग दिसला. कल्याणच्या दुकानदारानं वापरलेला माल नवा म्हणून दिला की काय, असं मनात आलं. पण दिराची खरेदी, उगाच कशाला बोला.

आता थोडं आतलं सांगतो. तेव्हाच्या डिस्कला एक चपटी, रुंद, राखाडी केबल लागायची. एकाच केबलवर दोन डिस्क बसायच्या. मग मदरबोर्डला कळायचं कसं की कोण कोणती? त्यासाठी डिस्कच्या मागं बारीक पिना असतात आणि त्यांतल्या दोन पिनांवर मुगाच्या दाण्याएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवतात. तिला जंपर म्हणायचं. टोपी एका जागी घातली की ती डिस्क मास्टर, दुसऱ्या जागी घातली की स्लेव्ह. मी जुनीला मास्टर केलं, नवीला स्लेव्ह. जुनीवर आधी टोपी नव्हतीच, ती मी माझ्या डबीतली घातली.

“म्हंजे एक मालक आन् एक गडी,” काका म्हणाले.

“तसंच. एकाच घरात राहायचं तर ठरवून घ्यावं लागतं.”

“आमच्याकडं तीन रोज लागले,” काका म्हणाले.

केबल जुन्या डिस्कला सहज लागली. नवीला लागेना. घट्ट होती. नवी आहे, म्हटलं, घट्ट असणारच. अंगठा लावून जोर दिला. कच्‌ असा अगदी बारीक आवाज आला आणि बसली. तो आवाज मी ऐकला. ऐकूनही पुढं गेलो, हे लिहून ठेवतो.

बटन दाबलं. आणि नन, नन.

आता शहाणा माणूस काय करेल? एक पाऊल मागं जाईल. मीही गेलो. नवी डिस्क काढून बाजूला ठेवली, जुनी एकटीच केबलवर ठेवली, बटन दाबलं. आधी चालत होती तशी चालली पाहिजे.

‘प्रायमरी मास्टर – नन.’

केबल बदलली. माझ्या टूलकिटातली घातली. नन. केबल मदरबोर्डच्या दुसऱ्या सॉकेटला लावली. नन. डिस्कला कान लावला तर आत फिरत होती, गुरगुर अशी नेहमीची, खट्‌खट्‌ नाही. मेलेली डिस्क खट्‌खट्‌ करते, हे मला माहीत होतं. पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलं आठवत नाही.

“भाऊ, खरं सांगा,” ताई म्हणाल्या.

आणि इथं मी ते केलं, ज्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, “ताई, डिस्क जुनी होती. सहा वर्षं म्हणजे फार झालं. अशा डिस्कला हलवलं की जातात. मी मागंच सांगितलं होतं, बदलून घ्या.”

“म्हंजे गेली?”

“बहुतेक गेली.”

ताई रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नमुन्यांची फाइल काढली, टेबलावर ठेवली आणि पानं उलटायला लागल्या. एका पत्रिकेवर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यात आता सात नावांमागं कै. लागलंय. एक सून परत आली घरात. हे आता मी कुनाला इचारायला जाऊ? कुनाच्या दारात जाऊन सांगू, तुमच्यातलं कोन कोन गेलं?”

मग काकांच्या लक्षात आलं. ते उठून उभे राहिले.

“शोभा, आमची यादी?”

“त्यातच होती, काका.”

“गो, परत भावकी बसवू काय मी? एकदा बसली ती देवाची किरपा. परत बसली तर लगीन नाय व्हायचं, मारामारी व्हईल!”

तेवढ्यात लाइट गेली. तेव्हा भारनियमन होतं. मुरबाडला दुपारचे तीन तास लाइट नसायची आणि ताईंच्या यूपीएसची बॅटरी कधीच बसली होती. पंखा थांबला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. आता तीन वाजेपर्यंत कुणी माझ्याकडून काही मागू शकत नव्हतं.

मी निघून जायला हवं होतं असं नाही, पण जावंसं वाटत होतं. डिस्क घेऊन शहापूरला जातो, बघतो, असं म्हणता आलं असतं. ताईंनी डबा उघडून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढं केली. ज्या माणसानं आपलं सहा वर्षांचं काम घालवलं त्याला जेवू घालणारी बाई. मी लाजतच घास घेतला.

काका पायरीवर बसून अखेर विडी पेटवत होते. राग थोडा ओसरला होता. ते स्वतःशीच यादी आठवत होते, बोटं मोजत. “पयले आमचे आबा. मंग धोंडू आन् कान्हू. ती जोडी हाय. जोडीनंच छापायची, धोंडू व कान्हू. सुटं नाय छापायचं.”

“का बरं?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“धोंडूचं तसंच हाय. येकटा कुटं जात नाय. मागं मोठीच्या लग्नात कान्हूला ताप आलावता, तो नाय आला. धोंडू मांडवाच्या भाईर हुबा. आत या म्हनलं तर नाय. कान्हू आला नाय अजून, म्हनतो. आरं, तो येनारच नाय! तरी हुबा. मंगलाष्टका झाल्या, जेवनं झाली, हा भाईरच. त्याला सांगितलंय ना, तुमी दोगं म्हून. मंग तो दोगांचीच वाट बगनार.”

ताई एवढ्या दुःखातही हसल्या. मी हसलो नाही. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

जुन्या डिस्कवर आधी टोपी नव्हती. एकटी असताना तिला टोपी लागतच नव्हती. मी टोपी घातली, म्हणजे तिला सांगितलं की तू मास्टर आहेस आणि तुझ्याबरोबर एक स्लेव्ह आहे. मग मी स्लेव्ह काढून घेतली, पण टोपी तशीच ठेवली. काही कंपन्यांच्या डिस्कना हे चालत नाही. जोडीदार आहे असं सांगितलं की त्या जोडीदाराची वाट बघत थांबतात आणि मदरबोर्डला स्वतःही दिसत नाहीत. हे मी शिकलो होतो. दुसऱ्यांना शिकवलंही होतं. आणि केबल बदलली, सॉकेट बदललं, पण टोपीकडे पाहिलं नाही.

“ताई, तीन कधी वाजतात?” मी विचारलं.

“वाजले की वाजतात,” ताई म्हणाल्या.

मी डिस्क काढली, चिमट्यानं जंपरची टोपी उचलून डबीत टाकली आणि डिस्क परत बसवून केबल पुन्हा पहिल्या सॉकेटला लावली. मग तीन वाजेपर्यंत बसून राहिलो. कुणाला काही सांगितलं नाही. आशा लावून पुन्हा तोंडघशी पडायची हिंमत नव्हती. आयुष्यात लाइटची इतकी वाट मी कधी पाहिली नाही.

लाइट आली. बटन दाबलं. स्क्रीनवर ओळ आली आणि ‘प्रायमरी मास्टर’च्या पुढं डिस्कचं नाव, नंबर, सगळं आलं. मग ढग असलेलं निळं चित्र. मग ताईंच्या फायली, एकाखाली एक, गावांच्या नावांनी. मला इतका आनंद झाला की मी ताईंच्या माउसवरचा हात काढेना.

“सरका, सरका,” म्हणत ताईंनी काकांची फाइल उघडली. आबा होते. धोंडू व कान्हू होते. ताईंनी पदरानं डोळे पुसले आणि मगच म्हणाल्या, “आले बाय सगळे.”

“मेलेली जित्ती केली!” काका म्हणाले. “डाक्टर हायेस रे तू. तुला आमी उगाच बोललो.”

मी काय म्हणायला हवं होतं ते तुम्हाला कळलंच असेल. मी म्हणालो, “असतात काही काही युक्त्या.”

आणि नव्या डिस्ककडे वळलो. दोष इथं काहीतरी होता, कारण ती लावल्यावर दोन्ही दिसेनाशा झाल्या होत्या. टूलकिटातला बारीक टॉर्च काढला आणि केबल जिथं बसते त्या खोबणीत मारला. चाळीस पिना, दोन रांगांत. डावीकडून सातव्या-आठव्या पिनेपाशी काहीतरी पिवळं अडकलेलं. एक पिन वाकून शेजारणीला टेकलेली. चिमट्यानं ते पिवळं ओढून काढलं आणि तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. बारीक, हळद लावलेला, अर्धा चिरडलेला.

“ताई,” मी म्हणालो, “ही अक्षता इथं कशी आली?”

शोभाताईंनी तळहाताकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“लक्ष्मीपूजनाला पुजली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “नवी वस्तू घरात आली. कामाची वस्तू. पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी पुसून परत पाकिटात घातली. नीट पुसली हो, कापडानं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “म्हंजे माझ्यामुळंच झालं हे सगळं. तुमी उगाच डिस्कला दोष देत होता. मीच घालवत होते ना माझं सगळं?”

काका म्हणाले, “पूजा करायची ती कशाची करायची ह्याला काय हाय का नाय, शोभा?”

ताई मान खाली घालून उभ्या. मला आयतीच सुटका मिळाली होती. दाणा त्यांचा, पूजा त्यांची, चूक त्यांनी कबूल केलेली, आणि मी मेलेलं जिवंत करणारा डॉक्टर. तोंड बंद ठेवलं असतं तर तालुक्यात माझं नाव झालं असतं. पण भाकरी खाल्लेली होती. आणि त्या बाईनं आयुष्यात पुन्हा कुठल्याही मशीनला हात लावताना स्वतःला दोष दिला असता.

“ताई, ऐका,” मी म्हणालो. “दाण्यानं नवी डिस्क अडली. तेवढंच. ती काढून ठेवल्यावर तुमची जुनी डिस्क चालायलाच हवी होती. ती चालली नाही, कारण मी तिच्यावर टोपी घातली आणि काढायला विसरलो. ती मेली नव्हतीच. जुनी झाली, गेली, हे सगळं मी स्वतःची चूक झाकायला बोललो. दाणा दिसला नाही तोही माझाच आळस. लावायच्या आधी टॉर्च मारायचा असतो.”

 

“मग युक्ती कसली म्हनत होतास?” काकांनी विचारलं.

“काही नाही. धोंडूला आत बोलावलं.”

काकांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग ते इतके हसले की खोकला आला. ताई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “तीन तास मला जीव नकोसा केलात, भाऊ.”

“हो.”

“आन् आमची चटनी पण खाल्लीत.”

“हो, ताई.”

“बरं. आता ती दुसरी लावा नीट,” त्या म्हणाल्या आणि चहा सांगायला गेल्या.

वाकलेली पिन सरळ करायला मोठं अवजार लागत नाही. संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलची नळी कापली, पिनेवर घातली आणि हलक्या हातानं सरळ केली. दोन-तीनदा वाकवली तर पिन तुटते, म्हणून एकदाच. सगळी खोबण ब्रशनं झाडली, फुंकर मारली, पुन्हा टॉर्च मारला. जुन्या डिस्कवर टोपी परत घातली, कारण आता जोडीदार खरोखरच येणार होता. केबल या वेळी जोर न लावता बसली. स्क्रीनवर दोन नावं आली, मास्टर आणि स्लेव्ह.

नवी डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागते, म्हणजे कोरी करून आखून घ्यावी लागते. इथं चुकून जुनी निवडली तर मग धोंडूही नाही आणि कान्हूही नाही. मी ताईंना शेजारी बसवलं आणि म्हटलं, जुनी दहा जीबीची, नवी चाळीसची, स्क्रीनवरचा आकडा मोठ्यानं वाचा. “चाळीस,” ताई म्हणाल्या. “नक्की?” “चार आन् शून्य.” मग एंटर दाबलं. सगळ्या फायली नवीवर उतरवून होईपर्यंत उन्हं कलली. काकांची पत्रिका त्याच दिवशी प्रिंट होऊन छापखान्यात गेली. मी मजुरी घेतली नाही. ताईंनी आग्रह केला नाही.

चार-पाच दिवसांनी शहापूरच्या दुकानात एक माणूस पत्रिका देऊन गेला. बाळारामकाकांच्या मुलीची. उघडली. आबा, धोंडू व कान्हू, सगळे जागच्या जागी. खाली ‘आपले नम्र’मध्ये आलो आणि थबकलो. दोन चुलतभावांच्या नावांच्या बरोबर मधोमध माझं नाव होतं. विलास, शहापूर, आणि कंसात ‘कॉम्प्युटरवाले’.

मी ताईंना फोन केला. म्हटलं, हे काय?

“काकांनी घातलंय. ते म्हनाले, बाहेरचा मानूस मधी आला तर कुनाचा मान जात नाय. दोगंही कबूल झाले.”

लग्नाला जावंच लागलं. मधला माणूस आला नाही तर दोन्ही नावं एकमेकांना टेकली असती. मांडवात मला दोन्ही भावांच्या मध्ये बसवलं. दोघंही माझ्याशी बोलले, एकमेकांशी नाही. धोंडू आणि कान्हू आत पहिल्या रांगेत होते, एकाच सतरंजीवर. मला ते बघून फार बरं वाटलं.

त्या दिवसानंतर मी दोन गोष्टी कधी चुकवल्या नाहीत. नवा पार्ट लावण्याआधी त्यात टॉर्च मारतो आणि ‘याची पूजा केली होती का?’ असं विचारतो. लोक हसतात, पण निम्मे हो म्हणतात. आणि दुसरी, एखादी वस्तू गेली असं गिऱ्हाइकाला सांगण्याआधी मी शेवटचं काय केलं ते आठवतो. पहिल्यापेक्षा हे जड जातं.

त्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी शोभाताई ताट घेऊन रांगेतून आल्या. माझ्या ओंजळीत पिवळ्या अक्षता टाकल्या आणि पुढं जाता जाता म्हणाल्या, “जपून टाका हो, भाऊ. पिनांत जातात.”